थोडी भीती, भरपूर मजा: लहानांच्या राक्षस-चेटकिणींच्या चित्रपुस्तकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला गंगापूर रोडच्या एका गल्लीत आम्ही काही पालक मिळून लहान मुलांसाठी वाचनालय चालवतो. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांची चित्रपुस्तकं आणि शनिवारी संध्याकाळी गोष्टीचा तास, एवढाच पसारा. खालच्या फळीवर राक्षस, चेटकिणी, पलंगाखालचे प्राणी, रागावलेली झाडं अशी मंडळी राहतात. फळी मुद्दाम मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवली आहे, आणि पालकांचे बहुतेक प्रश्न तिच्यावरूनच येतात. उत्तरं आमच्या अनुभवाची आणि मतांची आहेत. पटली नाहीत तर शनिवारी भांडायला या.

मुळात एवढ्या लहान मुलांना घाबरवायचंच कशाला?

आपण घाबरवलं नाही तरी ती घाबरतातच. तीन ते सहा या वयात कल्पना जोरात धावते, पण खरं काय आणि मनातलं काय, यातली रेघ अजून पक्की झालेली नसते. खुंटीवरचा शर्ट रात्री माणूस होतो. बाथरूमच्या जाळीतून कोणीतरी बघतं. या भीतीला चेहरा नसतो, त्यामुळे मुलाला ती सांगताही येत नाही. पुस्तक तिला चेहरा देतं: दोन शिंगं, सुटलेलं पोट, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. आणि मुख्य म्हणजे पुस्तक मिटता येतं. मिटायचं की उघडायचं हे मूल ठरवतं. आमच्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

हे काही नवं खूळ नाही. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट आठवा. कोल्हा आणि वाघ तिला खायला टपलेले, जंगल किर्र, म्हातारी एकटी. मराठी घरातल्या कितीतरी पिढ्यांना ही गोष्ट ऐकवत भात भरवला गेला आणि कोणाच्याही घशात घास अडकला नाही. कारण धमकी प्रत्येक वेळी त्याच तालात येते, मुलाला पुढचं उत्तर पाठ असतं, आणि म्हातारी जनावरांपेक्षा हुशार आहे हे त्याला त्यांच्याआधी कळलेलं असतं. चांगल्या भीतीदायक चित्रपुस्तकाचा सगळा नकाशा या एका गोष्टीत सापडतो.

म्हणजे बागुलबुवाच ना? आमची आईसुद्धा ‘जेव, नाहीतर बुवा येईल’ म्हणायची.

अगदी उलटं. बागुलबुवाचं काम मुलाला गप्प बसवणं. तो दिसत नाही, त्याला धड तोंड नाही, आणि तो कायम मोठ्यांच्या बाजूचा असतो. मुलाला त्याच्याशी बोलता येत नाही, त्याला फसवता येत नाही, त्याच्यावर हसता येत नाही. चित्रपुस्तकातल्या राक्षसाचं सगळं उघड्यावर असतं. त्याला सर्दी होते, त्याची चप्पल हरवते, त्याला अंधाराची भीती वाटते. मूल त्याच्याकडे बोट दाखवून ‘ए ढोल्या!’ म्हणू शकतं.

म्हणून आमचा एकच कडक नियम आहे: पुस्तकातल्या राक्षसाला घरकामाला लावायचं नाही. ‘दूध पी, नाहीतर तो हिरवा येईल’ असं एकदा म्हटलंत की ते पुस्तक त्या घरापुरतं मेलं. मूल दूध पिईल, पण पुस्तक पुन्हा उघडणार नाही. जाता जाता, पोलीसकाका आणि इंजेक्शनवाले डॉक्टर यांनाही या कामातून मोकळं करा. उद्या बाजारात हरवलं तर मुलाने त्या पोलीसकाकांकडेच जायचं आहे.

कोणत्या वयाला कोणतं पुस्तक?

अडीच वर्षांच्या आतल्या बाळाला पदराआडून केलेलं ‘भॉक’ हीच भीतीकथा. आई गेली, आई आली. जाड पुठ्ठ्याची, झाकण उघडलं की आत कोणीतरी सापडतं अशी पुस्तकं याच खेळाची भावंडं आहेत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकच गुबगुबीत राक्षस, एकच धमकी आणि चटकन सुटका पुरते. या वयात दोन पानांपेक्षा जास्त वेळ टांगून ठेवलं तर मूल मांडीवरून उतरून जातं, आणि ते बरोबरच असतं.

पाच-सहा हे या फळीचं खरं सुगीचं वय. आता मुलाला उत्कंठा हवी असते. ते कानांवर हात ठेवतं आणि बोटांच्या फटीतून चित्र बघतं. ‘हे खरं असतं का?’ हा प्रश्नही आता येतो. त्याचं उत्तर सरळ द्यावं: नाही, हे गोष्टीतलं आहे. सरळ उत्तराने मजा कमी होत नाही, उलट मूल निर्धास्तपणे घाबरतं. सात-आठ वर्षांची मुलं राक्षसांची टिंगल करतात. त्यांची भीती आता चोर, अपघात, आजार, आईबाबांची भांडणं यांकडे वळलेली असते. त्यांना शिंगांपेक्षा रिकामं घर दाखवणारं चित्र जास्त लागतं.

वय हा अर्थात अंदाज झाला. चार वर्षांची धीट पोर आणि सात वर्षांचा हळवा मुलगा एकाच घरात असतात.

चांगलं पुस्तक ओळखायचं कसं?

दुकानात उभ्या उभ्या आधी शेवटचं पान बघा. मूल कुठे आहे? घरी, अंथरुणात, ताटासमोर, कोणाच्या तरी कुशीत असेल तर निम्मं काम झालं. मग मधली पानं चाळा आणि सुटका कोणी केली ते पाहा. बाबा येऊन राक्षसाला हाकलत असतील तर गोष्ट बाबांची झाली. आम्हाला मुलानेच काहीतरी केलेलं हवं: चलाखी केली, दोस्ती केली, नाव विचारलं, शिंक काढली, काहीही.

त्यानंतर पान उलटण्याकडे लक्ष द्या, कारण चित्रपुस्तकाची भीती तिथे राहते. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात. मोठा कागद छापून, दुमडून, कापून १६ पानांचा एक फर्मा होतो, असे दोन फर्मे. शीर्षकाची आणि माहितीची पानं वजा केली तर गोष्ट सांगणाऱ्याला साधारण डझनभर वेळाच पान उलटायला मिळतं. कसबी माणूस त्यातलं एकही वाया घालवत नाही. उजव्या पानाच्या कडेला फक्त शेपटीचं टोक असतं, बाकीचं जनावर पुढच्या पानावर. कच्च्या पुस्तकात शेपटी, जनावर आणि त्याचा पराभव एकाच पानावर उरकलेला असतो.

आणखी एक खूण. शब्द आणि चित्र एकच गोष्ट सांगत असतील तर पुस्तक फळीवर परत ठेवा. ‘घरात कोणीच नव्हतं’ असं वाक्य आणि चित्रात पाण्याच्या पिंपामागे दोन पिवळे डोळे असतील, तर घ्या. वाचता न येणारं मूल इथे वाचता येणाऱ्या आजोबांच्या पुढे असतं. आजोबा वाक्य वाचतात आणि नातू ओरडतो, ‘आहे! आहे! तिथे आहे!’ घरात तीन फुटांच्या माणसाला असा मान दुसरीकडे कुठे मिळतो?

काळ्या-निळ्या पानांना घाबरू नका. पूर्ण काळं पान आणि त्यात एक उजळलेली खिडकी, हे लहान मुलांना भडक गुलाबी राक्षसापेक्षा जास्त आवडतं असं आम्हाला शनिवारी वारंवार दिसतं.

तुम्ही कोणती पुस्तकं ठेवत नाही?

खोटं बोललं म्हणून राक्षसाने जीभ कापली, अभ्यास केला नाही म्हणून चेटकिणीने पळवलं, असली शिक्षेची पुस्तकं नाहीत. रक्ताची नाहीत. आईबाप सोडून गेले आणि परत आलेच नाहीत, अशा गोष्टी या वयाला नाहीत. फोटोसारखी हुबेहूब चित्रं असलेली भुतंही नकोत, कारण रेषेतलं भूत मुलाला ‘काढलेलं’ दिसतं आणि फोटोतलं ‘असलेलं’ वाटतं. आणि इकडून तिकडून उचललेली चित्रं चिकटवून केलेली, प्रत्येक पानावर नायिकेचा फ्रॉक बदलणारी गुळगुळीत पुस्तकं तर कोणी फुकट दिली तरी घेत नाही. ती घाबरवतही नाहीत, हसवतही नाहीत.

वाचायचं कसं? मला आवाज काढायला लाज वाटते.

सगळ्यांनाच वाटते. राक्षसाचा आवाज मोठा असलाच पाहिजे असं नाही. हळू आवाजातला राक्षस जास्त परिणाम करतो, आणि शेजारच्या फ्लॅटमधून कोणी विचारायलाही येत नाही. आपल्या भाषेत आवाजांची कमी नाही: झाडांची सळसळ, दाराची करकर, माळ्यावर धप्प, कोपऱ्यात खुडखुड. हे शब्द सावकाश वाचले की निम्मा अभिनय झालाच.

मूल मांडीवर किंवा अगदी चिकटून बसलेलं असावं. पान त्याला उलटू द्या. भीतीच्या जागी ते थांबलं तर तुम्हीही थांबा, ‘काय असेल बरं?’ विचारा आणि खरोखर वाट बघा. मागे जायचं असेल तर मागे जाऊ द्या. काही मुलं राक्षसाचं पान वगळून पुढे जातात. जाऊ देत, आठवडाभराने स्वतःच उघडतील.

फारच धास्तावणाऱ्या मुलाला आम्ही शेवट आधी दाखवतो. मोठ्यांना यात रहस्य फुटल्याचं दुःख होतं, मुलाला बिलकुल होत नाही. शेवट माहीत असला की ते मधल्या जंगलात आरामात फिरतं.

रात्री झोपताना वाचावं का?

नवं पुस्तक पहिल्यांदा दिवसा. पाठ झालेलं असेल तर रात्री चालतं, पण त्यानंतर एखादी साधी, संथ गोष्ट किंवा गप्पा हव्यात. दिवा घालवायच्या आधी राक्षस हे शेवटचं चित्र नसावं, इतकंच.

वाईट स्वप्न पडलं की दोष लगेच पुस्तकावर येतो. वाईट स्वप्नं सहसा उत्तररात्री, पहाटेच्या सुमाराला पडतात. मूल जागं होतं, रडतं, काय दिसलं ते थोडंफार सांगतं आणि जवळ घेतलं की निवतं. याउलट झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत मूल किंचाळत उठून बसलं, डोळे उघडे पण ओळख नाही, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, तर ती गाढ झोपेतली घाबरगुंडी असते. त्या वेळी हलवून जागं करू नये, लागणार नाही एवढं पाहावं आणि शांतपणे जवळ बसावं. लहान मुलांत हे होतं आणि बहुतेकांचं वयाबरोबर थांबतं. वारंवार होत असेल, किंवा दिवसाही मूल धसका घेतल्यासारखं वागत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तिथे आमचं काम संपतं.

तेच भीतीचं पुस्तक रोज का मागतो? दुसरं काही वाचूच देत नाही.

कारण त्याचं काम चालू आहे. पहिल्यांदा राक्षस त्याच्या अंगावर येतो. काही वाचनांनंतर तो राक्षसाच्या आधी बोलायला लागतो, मग राक्षसाची चूक काढतो. शेवटी एक दिवस तो स्वतः राक्षस होतो आणि तुम्हाला पळायला लावतो. पळा. त्यानंतर पुस्तक आपोआप मागे पडतं. परत करायची तारीख उलटली तर आम्हाला सांगा, अशा पुस्तकाला आम्ही दंड लावत नाही.

मुलगी खरंच घाबरली. आता?

‘त्यात काय घाबरायचं, मोठी झालीस ना?’ हे वाक्य गिळून टाका. ‘हो, ते डोळे भीतीदायक आहेत खरे’ म्हणा. पुस्तक झोपायच्या खोलीबाहेर न्या, आणि कुठे ठेवायचं ते तिलाच ठरवू द्या. एका मुलीने ते फ्रिजवर ठेवायला लावलं होतं, दुसऱ्याने वरून कुकर ठेवला. त्या पानाला कागदाची क्लिप लावली की उरलेलं पुस्तक वाचता येतं. दोन-चार दिवसांनी राक्षसाचं चित्र काढायला कागद द्या. बहुतेक मुलं त्याला टोपी, मिशी किंवा शेंबूड काढतात आणि मग तो आटोक्यात येतो. नाहीच आला, तर पुस्तक परत आणा. वर्षभराने पुन्हा बघू.

घरात नुकताच कोणाचा मृत्यू झाला असेल, मूल दवाखान्यात राहून आलं असेल, पुरात घरात पाणी शिरलं असेल, तर ही फळी काही महिने विसरा. गोदावरीच्या घाटालगत राहणाऱ्या मुलांना पावसाळ्यात हे विशेष लागू. आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला, याच्या गप्पा पुलावर उभं राहून मारतो. घर खाली असलेल्या मुलासाठी ती गंमत नसते.

आमचा मुलगा कशालाच घाबरत नाही. अजून भयानक काही आहे का?

आहे, पण देणार नाही. न घाबरणारी मुलं बहुतेक वेळा मोठ्या भावंडांबरोबर पडद्यावर बरंच काही बघून आलेली असतात. त्यांना जास्त दात नकोत, जास्त बारकावे हवेत. चित्रात लपलेल्या गोष्टी असलेलं, शेवट थोडा अधांतरी सोडणारं पुस्तक त्यांना द्या आणि ‘पुढे काय झालं असेल?’ विचारा. शूर पोरं इथे हमखास हळू बोलायला लागतात.

पुराणातले राक्षस आहेतच की. मग ही नवी पुस्तकं कशाला?

पंचवटीतल्या एका आजींचा प्रश्न. त्यांचं बरोबरच आहे. आपल्या गावातल्या मुलाला शूर्पणखेची गोष्ट बालवाडीच्या आधी कळते, आणि सीतागुंफेत वाकून, जवळजवळ रांगत शिरताना त्याला जी हुरहूर वाटते ती कुठल्याही पुस्तकाच्या तोडीची आहे. आत जाताना आईचा पदर घट्ट धरलेला, आणि बाहेर आल्यावर ‘परत जायचं!’

फक्त निवड हवी. नाक कापण्याचं चित्र पाच वर्षांच्या मुलासमोर मोठं करून ठेवायची गरज नाही, ते एका वाक्यात उरकतं. पण कुंभकर्ण? त्याला उठवायला ढोल, नगारे, अंगावरून चालणारे हत्ती, आणि उठल्यावर खाण्याचे डोंगर. रोज सकाळी शाळेसाठी उठवल्या जाणाऱ्या मुलाला याच्याइतका जवळचा राक्षस नाही. बकासुरही तसाच. गाडाभर अन्न त्याच्यासाठी निघालेलं आणि भीम वाटेत बसून तेच खातोय, ही जागा नीट सांगितली तर मुलं हसून लोळतात. कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण तर मूलच आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी हे ओळखलं होतं. १९१९ साली पडद्यावर कालियाशी झुंजायला त्यांनी आपली लहानगी मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण केलं.

नवी पुस्तकं लागतात ती वेगळ्या कारणासाठी. पुराणातला राक्षस वधासाठीच असतो. त्याला जेवायला बोलावता येत नाही, त्याची समजूत काढता येत नाही. मुलाला कधीकधी तेही करून बघायचं असतं.

मी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो. भुताची पुस्तकं घरात आणणं म्हणजे उलटी गंगा नाही का?

हा प्रश्न आम्ही गांभीर्याने घेतो. आमचं निरीक्षण असं की मूल भूत पुस्तकातून शिकत नाही, मोठ्यांच्या सुरातून शिकतं. पिंपळाखालून जाताना आत्याने नुसता आवाज खाली आणला की मुंजा मनात शिरतो. ताप आल्यावर कोणी मीठमोहऱ्या ओवाळल्या की नजर खरी ठरते. पुस्तकातल्या भुतासाठी आजवर कोणी उतारा टाकलेला नाही. चित्रातलं भूत कागदाचं आहे, ते कोणीतरी काढलंय, त्या माणसाचं नाव मुखपृष्ठावर आहे. हे नाव आम्ही गोष्टीच्या तासाला मुद्दाम मोठ्याने वाचतो. भूत माणूसच तयार करतो, हे सांगायला याहून सोपा धडा नाही.

मात्र ‘सत्य घटनेवर आधारित’ असं काही छापलेलं असेल, तर ते पुस्तक आमच्याकडे येत नाही.

आमच्या गावाकडे बिबट्या येतो. मुलांना वाघाच्या गोष्टी सांगाव्यात का?

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या पालकांकडून हे येतं, आणि आता शहरातूनही, कारण बिबट्या सिडको आणि गंगापूर रोडपर्यंत आल्याच्या बातम्या आपण वाचतो. आमचं उत्तर: सांगाव्यात, पण दोन्ही गोष्टी एका सुरात सांगू नयेत.

खऱ्या बिबट्याबद्दल बोलताना गोष्टीचा आवाज नको. दिवेलागणीनंतर एकट्याने अंगणाबाहेर जायचं नाही, उसाच्या कडेला खेळायचं नाही, रात्री बाहेर जावं लागलं तर मोठ्यांबरोबर, बॅटरी घेऊन, बोलत बोलत. हे रस्ता ओलांडण्याच्या नियमासारखं कोरडं सांगावं. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे, तो घरात सगळ्यांना माहीत असावा. गोष्टीतला वाघ मात्र मिशांना तूप लावतो, म्हातारीकडून फसतो, दात दुखतो म्हणून रडतो. मुलांना हा फरक आपल्याला वाटतो त्यापेक्षा चांगला कळतो. गोंधळ तेव्हा होतो, जेव्हा मोठी माणसं ‘झोप, नाहीतर बिबट्या येईल’ म्हणतात. जिथे तो खरंच येतो तिथे हे म्हणणं क्रूरपणाचं आहे.

पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी घरं दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाघदेवाची पूजा करतात. ज्याची भीती त्यालाच नैवेद्य. या विषयावर एखादं मराठी चित्रपुस्तक कोणी केलं तर पहिली प्रत आमची.

बोहाड्याला लहान मुलाला न्यावं का?

न्या, पण पुढच्या रांगेत बसवू नका. जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, त्र्यंबक-पेठ-सुरगाण्याकडे, उन्हाळ्यात रात्रभर संबळाच्या तालावर देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात. मोठमोठे रंगवलेले मुखवटे, उजेड-अंधाराचा खेळ, आणि अचानक अंगावर धावून येणारं सोंग. मोठी मुलं ‘आला! आला!’ करत पळतात आणि लगेच परत येतात. चित्रपुस्तकाचं पान उलटणं ते हेच. जमलं तर सोंग चढायच्या आधी मुखवटा खाली ठेवलेला असताना दाखवा, आतली पोकळ बाजूसुद्धा. मग रात्री मूल शेजारच्या मुलाला ऐटीत सांगतं की आत माणूस आहे.

मुलं इंग्रजी शाळेत आहेत. राक्षस म्हटलं की ‘म्हणजे मॉन्स्टर?’ विचारतात.

विचारू देत. चित्र समोर आहे, भाषांतराची गरज नाही. भीतीची पुस्तकं मराठीत टिकायला उलट मदत करतात, कारण कान टवकारलेले असताना ऐकलेला शब्द विसरला जात नाही.

घरात अहिराणी असेल तर प्रमाण मराठी वाक्यं तशीच्या तशी वाचायचं बंधन घेऊ नका. मालेगाव-बागलाणकडच्या एका बाबांचा राक्षस थेट ‘काय करी ऱ्हायना?’ विचारतो. त्यांच्या मुलीला पुस्तकातला मूळ संवाद मुळीच मान्य नाही.

यूट्यूबवर हेच फुकट दिसतं की.

तिथे पान उलटणारा हात मुलाचा नसतो. चित्र थांबत नाही, संगीत आधीच दचकवतं, आणि एक संपलं की दुसरं काय लागेल ते ना तुम्हाला माहीत ना त्याला.

दहा ओळींच्या पुस्तकाला एवढी किंमत? आणि मिळतं कुठे?

ओळी दहा असल्या तरी पानं सगळी चार रंगांत छापावी लागतात, कागद जाड लागतो, चित्रकाराला कित्येक महिने लागतात, आणि मराठीत प्रती कमी निघतात. ज्या गावात नोटा छापल्या जातात तिथेही चित्रपुस्तक स्वस्त छापता येत नाही, असं आमचे एक सभासद नाशिकरोडहून येता येता म्हणतात.

स्वस्तात हवं असेल तर नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं बघा. पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन चित्रपुस्तकं मनापासून काढतं. प्रथम बुक्सची पुस्तकं खिशाला परवडतात, आणि त्यांच्या २०१५ साली सुरू झालेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट वाचता आणि छापून घेता येतात. घ्यायच्या आधी चाळायची असतील तर टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. १८४० पासूनची संस्था आहे, नाशिककराने एकदा तरी पायरी चढावी. मेन रोडच्या दुकानांत शालेय पुस्तकांच्या मागे दडलेली चित्रपुस्तकं विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत, तेव्हा विचारा.

घरी असं पुस्तक करता येईल का?

येईल, आणि सुट्टीत यापेक्षा बरा उद्योग नाही. चार कोरे कागद एकत्र मधोमध दुमडा, दुमडीवर दोन पिना मारा: १६ पानं झाली. पहिलं मुखपृष्ठ, शेवटचं मलपृष्ठ, आणि मध्ये समोरासमोरच्या पानांच्या सात जोड्या. सात जोड्या म्हणजे सहा वेळा पान उलटणं. त्यातल्या दोनदाच घाबरवायचं, असं मुलांना सांगा. ती सहाही वेळा घाबरवतात, तो भाग वेगळा.

जागा आपल्याच गावातली घ्या. जुन्या वाड्याचा माळा, द्राक्षबागेतली रात्रीची रांग, पांडवलेण्यांतलं एखादं अंधारं दालन. आमच्याकडे सगळ्यात गाजलेला विषय रहाडीचा, म्हणजे रस्त्याखालच्या जुन्या दगडी हौदाचा. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या पेशवेकालीन रहाडी रंगपंचमीला उघडतात, लोक रंगात धप्पा मारतात, आणि मग त्या वर्षभरासाठी झाकल्या जातात. वरून रिक्षा जातात. ‘मग वर्षभर आत कोण राहतं?’ एवढाच प्रश्न आम्ही गोष्टीच्या तासाला टाकला. उत्तरादाखल आलेल्या मंडळींत एक केशरी मगर होती, पाठीवर गरम डाग असलेली (कारण वरून डांबर टाकतात), आणि एक राक्षसीण, जी वर्षभर एकच साडी धुते आणि तिचा रंग जाता जात नाही.

शब्द तुम्ही लिहून द्या, पण वाक्यं सुधारू नका. आणि राक्षसाचे हात किती, यावर वाद घालू नका.

पुस्तक फाटलं तर?

चिकटपट्टी लावून आणा, पैसे लागत नाहीत. फक्त राक्षसाचं पान मुद्दाम फाडून गादीखाली ठेवलं असेल तर तेही शोधून आणा, कारण पुढच्या मुलाला ते लागणार आहे.